बिनखोळंब्याची खिडकी

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगाला कोरमंगला नावाची वसाहत आहे. एक ते आठ अशा क्रमांकांच्या ‘ब्लॉकां’त ती विभागलेली असून ऐंशी फुटी आणि शंभर फुटी अशा रुंदीवरून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांनी तिचे भाग एकमेकांस जोडलेले आहेत. सचिन बन्सल व बिन्नी बन्सल या दोघांनी २००७ साली आपले ‘फ्लिपकार्ट’ हे पुस्तकांचे दुकान याच वसाहतीतील एका राहत्या सदनिकेत मांडले. पुढे २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात ‘स्विगी’ने घरपोच अन्न पोहोचविण्याचा आपला व्यवसाय आरंभिला, तोही कोरमंगल्यातच. सोलापूर, सातारा, बेळगाव या बाजूंनी नोकरीसाठी बंगळुरास गेलेल्या तरुणांपैकी अनेकांचे पहिले बिऱ्हाड याच परिसरात पडते, आणि स्वयंपाकाची सोय लागेपर्यंत त्यांची भूक अशा मागविलेल्या जेवणावरच भागत असते.

दुपारचे साडेबारा वाजले, की हजारो फोनांवरून मागण्या सुटू लागतात. एका मसाला डोशासाठी किती संभाषणे घडतात ते पाहण्यासारखे आहे. ग्राहकाचा फोन दूर कोठेतरी असलेल्या एका संगणकाशी बोलतो. तो संगणक उपाहारगृहाला कळवितो. तेथून होकार आला, की मोटारसायकलवर बसून असलेल्या एखाद्या पोऱ्याच्या फोनवर निरोप जातो. शिवाय पैसे चुकते झाले की नाहीत, हे बँकेच्या संगणकास विचारावे लागते ते वेगळेच. या सगळ्यात प्रत्यक्ष बोलणे किती आणि वाट पाहणे किती, याचा हिशेब केला, तर बोलणे जवळजवळ नाहीच असे दिसेल. निरोप असतो काहीशे अक्षरांचा. तो वाचून त्यावर निर्णय घेण्यास संगणकाला सेकंदाचा एक क्षुल्लक अंश पुरतो. उरलेला सर्व काळ समोरच्याकडून उत्तर येण्याची प्रतीक्षा असते. अशा स्थितीत हजारो लोकांची वाट एकाच वेळी पाहावयाची, आणि तरीही कोणासही तिष्ठत ठेवावयाचे नाही, हे संगणकाने साधावे कसे? ‘नॉन-ब्लॉकिंग सॉकेट’ या नावाने ओळखली जाणारी युक्ती या प्रश्नाचे उत्तर आहे. मराठीत तिला बिनखोळंब्याचे सॉकेट म्हणावयास हरकत नाही. कोरमंगल्याच्या ब्लॉकांशी मात्र या ‘ब्लॉकिंग’चा काहीएक संबंध नाही; येथे ब्लॉक होणे म्हणजे खोळंबून पडणे होय.

प्रथम सॉकेट म्हणजे काय ते पाहू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत युनिक्स या संचालन-प्रणालीची एक सुधारलेली आवृत्ती तयार होत होती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ४.२ क्रमांकाच्या आवृत्तीत सॉकेटची कल्पना प्रथम सर्वांच्या हाती आली. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी बंगळुरास गेली तीही १९८३ सालीच. हा निव्वळ योगायोग खरा, पण या दोन घटनांचे धागे पुढे एकाच शहरात येऊन मिळावयाचे होते. सॉकेट म्हणजे टपालकचेरीतील खिडकी समजावी. आज्ञावली खिडकीच्या आत बसते. बाहेर दूरचा संगणक उभा असतो. आणि दोहोंमधले सारे टपाल वाहून आणण्याचे, नीट लावून ठेवण्याचे काम संचालन-प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे असते. प्रत्येक खिडकीला कर्नेल एक लहानसा पूर्णांक देते. आज्ञावलीने तो अंक सांगावयाचा आणि ‘या खिडकीवर काय आले आहे ते दे’ किंवा ‘हे या खिडकीतून पाठव’ असे म्हणावयाचे. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या लिनक्सचा आरंभ केला, त्यातही पुढे हीच व्यवस्था आली आणि आज जगातील बहुसंख्य सर्व्हर तिच्याच आधारावर चालतात.

आता खिडकीवर काही आलेलेच नसेल, तर? सॉकेट साधे असेल, तर वाचण्याची आज्ञा करताच कर्नेल त्या आज्ञावलीला झोपवून टाकते. टपाल आले म्हणजे जागे करते. ही व्यवस्था मूर्खपणाची आहे असे कोणी समजू नये. झोपलेली आज्ञावली मध्यवर्ती प्रक्रियकाचा एक क्षणही खात नाही. तिच्या जागी दुसरी एखादी काम करू शकते. शिवाय लिहिणाऱ्यालाही ती सोयीची पडते: आधी वाच, मग विचार कर, मग उत्तर लिही, अशी सरळ रेषेत कथा सांगता येते. ज्या आज्ञावलीला एकाच गिऱ्हाइकाशी बोलावयाचे आहे, तिने बिनखोळंब्याच्या वाटेला जाण्याचे मुळीच कारण नाही. नव्या शिकाऊ मंडळींना ही गोष्ट कोणीतरी स्पष्टपणे सांगावयास हवी. कारण जे नवे आणि अवघड ते प्रत्येक ठिकाणी वापरलेच पाहिजे, असा एक गैरसमज या व्यवसायात वारंवार आढळतो.

अडचण येते ती गिऱ्हाइके पुष्कळ झाली म्हणजे. आज्ञावली एका खिडकीशी झोपली, की बाकीच्या नऊशे नव्याण्णव खिडक्यांवरील टपाल तसेच पडून राहते. त्यातली एखादी खिडकी ज्याचा फोन बोगद्यात शिरला आहे अशा ग्राहकाची असेल, तर त्या एकाच्या पायी सर्वांचा खोळंबा होतो. यावर पहिला उपाय कोणालाही सुचेल असाच होता. प्रत्येक गिऱ्हाइकास स्वतंत्र प्रक्रिया किंवा स्वतंत्र थ्रेड नेमून द्यावा. त्याला झोपावयाचे तर झोपू द्यावे. अनेक वर्षे जगातील सर्व्हर याच रीतीने चालले, आणि गिऱ्हाइके शेकड्यांनी मोजण्याजोगी असेपर्यंत बरे चालले.

या उपायाची मर्यादा समजून घेण्यास बंगळुराचेच एक उदाहरण उपयोगी पडेल. जुन्या पद्धतीच्या उपाहारगृहात प्रत्येक दोन-चार टेबलांमागे एक वाढपी असे. गिऱ्हाईक पदार्थांची यादी वाचीत बसले, की वाढपीही त्याच्याशेजारी उभा. गिऱ्हाइके दुप्पट झाली, तर वाढपीही दुप्पट हवेत. पुढे पुढे तर वाढप्यांचीच एवढी दाटी व्हावयाची, की चालावयास वाट उरू नये. १९८३ च्या सुमारास जयनगर भागात ‘दर्शिनी’ या नावाने उभ्याने खाण्याच्या उपाहारगृहांची प्रथा सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत ती शहरभर पसरली. तेथे वाढपी नाही. गल्ल्यावर पैसे भरावे, कूपन घ्यावे, ते डोशाच्या फळीवर ठेवावे आणि बाजूस उभे राहावे. तव्यापाशी असलेला माणूस कोणाचीही वाट पाहात नाही. जो डोसा उतरला तो ज्याच्या कूपनाचा असेल त्याला तो देतो आणि पुढच्याकडे वळतो. मूठभर माणसे मोठी गर्दी हाताळतात ती यामुळेच. थ्रेडांचा सर्व्हर हे वाढप्यांचे उपाहारगृह आहे. बिनखोळंब्याचा सर्व्हर ही दर्शिनी आहे.

लिनक्समध्ये एका थ्रेडच्या स्वतःच्या राशीसाठी, म्हणजे स्टॅकसाठी, सामान्यतः आठ मेगाबाइटचा पत्ताप्रदेश राखून ठेवला जातो. तो सगळा प्रत्यक्ष स्मृतीत उतरत नाही हे खरे. तरीपण दहा हजार थ्रेड म्हटले म्हणजे कागदावर ऐंशी गिगाबाइटचे आरक्षण होते, आणि कोणाला जागे करावे, कोणाला झोपवावे या फेरपालटातच प्रक्रियकाचा बराच वेळ जाऊ लागतो. १९९९ साली डॅन केगेल या अमेरिकन अभियंत्याने हा प्रश्न ऐरणीवर आणला. एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार गिऱ्हाइके सांभाळण्याइतकी यंत्रे आता समर्थ झाली आहेत, मग आज्ञावल्याच का अडखळतात, असे त्याचे म्हणणे होते. ‘सी-टेन-के’ हे त्या प्रश्नाचे नाव या व्यवसायात अजून प्रचारात आहे.

बिनखोळंब्याचे सॉकेट करावयाचे म्हणजे कर्नेलला एवढेच सांगावयाचे, की या खिडकीवर काही नसेल तर मला झोपवू नकोस, तसे सांग आणि परत पाठव. ‘एफ-सी-एन-टी-एल’ नावाच्या आज्ञेने सॉकेटच्या गुणांवर ‘ओ-नॉनब्लॉक’ ही खूण चढवितात. आधीच्या खुणा वाचून घेऊन त्यांत ही मिळवावी लागते. नुसती हीच लिहिली, तर आधीच्या पुसल्या जातात. २००८ सालापासून लिनक्सने सॉकेट जन्मास घालतानाच ही खूण देण्याची सोय केली आहे. येथे लिनक्सचा एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ऐकणाऱ्या मुख्य सॉकेटवर ही खूण असली, तरी त्याने स्वीकारलेल्या नव्या गिऱ्हाइकाच्या सॉकेटवर ती वारशाने येत नाही. बर्कलीच्या परंपरेतील प्रणालींत ती येते. त्यामुळे तिकडून इकडे आणलेली आज्ञावली वरकरणी ठीक चालते आणि गर्दीच्या ऐन वेळी एखाद्या मंद गिऱ्हाइकाशी झोपी जाते. दोष शोधणारा मुख्य सॉकेटवरची खूण पाहून समाधान पावतो, आणि खरा दोष तसाच राहतो.

खूण चढविल्यावर वाचण्याच्या आज्ञेची उत्तरे तीन प्रकारची येतात, आणि या तिहींमधला भेद हाच साऱ्या विद्येचा कणा आहे. उत्तर धन संख्येत आले, तर तितकी अक्षरे मिळाली असा अर्थ. उत्तर शून्य आले, तर समोरच्याने आपले बोलणे संपविले, आता त्याच्याकडून काही यावयाचे नाही, असा अर्थ. आणि उत्तर उणे एक आले, तर चूक-क्रमांक पाहावयाचा. तो ‘ई-अगेन’ असेल, तर चूक अशी काही घडलेलीच नसते. आता काही नाही, नंतर या, एवढेच कर्नेलचे सांगणे असते. सरकारी कचेरीत ‘अर्ज फेटाळला’, ‘प्रकरण बंद झाले’ आणि ‘अद्याप निर्णय झालेला नाही’ या तीन शेऱ्यांत जो भेद आहे, तोच येथे. तिसऱ्या शेऱ्याला पहिला समजून जो परत फिरेल त्याचे काम कधीच होणार नाही. आणि दुसऱ्याला तिसरा समजून जो रोज खेटे घालील त्याचेही नाही. अननुभवी आज्ञावलीकार हे दोन्ही प्रमाद करतात. ‘ई-अगेन’ येताच ते संबंध तोडून टाकतात, आणि ग्राहकाची मागणी अर्ध्यावर नाहीशी होते. किंवा शून्य आल्यावरही खिडकी उघडी ठेवतात, आणि मेलेल्या संबंधांची संख्या वाढत वाढत एके दिवशी नव्या गिऱ्हाइकाला देण्यास अंक उरत नाही. अनेक लिनक्स यंत्रांवर एका प्रक्रियेने उघडावयाच्या अंकांची प्राथमिक मर्यादा अवघी १०२४ असते, ही गोष्ट पुष्कळांना गर्दीच्या दिवशीच प्रथम कळते.

लिहिण्याची बाजू याहून नाजूक आहे. पाठवावयाचा मजकूर कर्नेल आपल्या एका साठवणीत घेते आणि तेथून सवडीने रवाना करते. ग्राहकाचे जाळे मंद असेल, तर ती साठवण भरते. मग दहा हजार अक्षरे द्यावीत आणि कर्नेलने चार हजारच घेतली असे सांगावे, हे नित्याचे आहे. उरलेली सहा हजार आज्ञावलीने आपल्याजवळ जपून ठेवून, जागा होताच पुढून पाठवावयाची असतात. हे न केल्यास ग्राहकाला अर्धे पान मिळते. आणि सर्व पुन्हा पाठविल्यास पहिली चार हजार दोनदा जातात. पैशांच्या व्यवहाराचा मजकूर असेल, तर याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या संगणकाशी आपण होऊन संबंध जोडावयाचा, तेव्हाही असेच. साधे सॉकेट असेल आणि समोरचे यंत्र बंद पडलेले असेल, तर लिनक्स आपल्या नेहमीच्या ठेवणीत हाका मारीत सुमारे दोन मिनिटे थांबते. बँकेच्या संगणकास विचारणारा थ्रेड दोन मिनिटे अडकला, म्हणजे डोसा मागविणाऱ्याची भूक मेलीच म्हणावयाची. बिनखोळंब्याच्या सॉकेटवर हीच आज्ञा ‘चालू आहे’ असे तत्काळ उत्तर देऊन परतते. पुढे सॉकेट लिहिण्यास योग्य झाल्याची सूचना येते. पण या सूचनेचा अर्थ संबंध जुळला असा नसून ‘प्रयत्न संपला’ एवढाच असतो. तो यशस्वी झाला की अयशस्वी, हे सॉकेटलाच वेगळे विचारावे लागते. हा प्रश्न विचारण्याचे विसरणारे बरेच असतात.

येथवर खोळंबा टळला. पण नवा प्रश्न उभा राहिला. कर्नेलने नंतर या म्हटले, तर नंतर म्हणजे केव्हा? दर क्षणी सर्व खिडक्यांवर जाऊन ‘आले का, आले का’ विचारीत फिरावे, तर प्रक्रियक अहोरात्र शंभर टक्के राबतो आणि निष्पत्ती काही नाही. झोपण्यापेक्षा हे वाईट. म्हणून बिनखोळंब्याचे सॉकेट एकटे कधीच पुरत नाही. त्याच्या जोडीला एक खबऱ्या लागतो. बर्कलीच्या त्याच १९८३ च्या आवृत्तीत ‘सिलेक्ट’ नावाचा खबऱ्या होता. त्याला खिडक्यांची यादी द्यावयाची, त्याच्यापाशी झोपावयाचे, आणि एखाद्या तरी खिडकीवर काही आले म्हणजे तो जागे करी. आज्ञावली झोपते ती आता एकाच ठिकाणी, पण सर्वांच्या वतीने. ‘सिलेक्ट’चे दोन दोष होते. १०२३ च्या पुढचा अंक त्याच्या यादीत मावत नसे. आणि प्रत्येक वेळी संपूर्ण यादी त्याच्या हाती देऊन, जागे झाल्यावर संपूर्ण यादी पुन्हा तपासावी लागे. पुढे आलेल्या ‘पोल’ने पहिला दोष घालविला, दुसरा राहिला. दहा हजार गिऱ्हाइकांपैकी पाचच बोलत असताना दहा हजारांची हजेरी घ्यावी, असा तो प्रकार होता.

दाविदे लिबेन्झी या अभियंत्याने रचलेला ‘इपोल’ २००२ साली लिनक्सच्या विकासमालेत दाखल झाला आणि २००३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती पडला. यात यादी कर्नेलपाशीच कायमची ठेवलेली असते. नवे गिऱ्हाईक आले, की नाव चढवावयाचे. गेले, की कमी करावयाचे. विचारावयास गेले असता कर्नेल केवळ ज्यांच्या खिडकीवर काही घडले आहे त्यांचीच नावे देते. पाच बोलत असतील, तर पाच. इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थाने २००४ साली प्रसिद्ध केलेला ‘एन्जिन-एक्स’ हा सर्व्हर मोजक्या प्रक्रियांत हजारो गिऱ्हाइके सांभाळतो, तो लिनक्सवर याच खबऱ्याच्या भरवशावर.

‘इपोल’ दोन तऱ्हांनी खबर देऊ शकतो, आणि पुष्कळ उत्तम अभियंतेही येथे ठेचकाळलेले आहेत. पहिली तऱ्हा अशी, की खिडकीवर टपाल शिल्लक आहे तोवर विचारावे तेव्हा तो आठवण करून देतो. दुसऱ्या तऱ्हेत नवे टपाल येऊन पडले त्या क्षणाचीच तो वर्दी देतो, पुन्हा नाही. दुसरी तऱ्हा हेलपाटे वाचविते, परंतु तिची अट कडक आहे. वर्दी आली, की ‘ई-अगेन’ असे उत्तर मिळेपर्यंत वाचीतच राहिले पाहिजे. समजा, ग्राहकाने सहा हजार अक्षरांची मागणी पाठविली. आज्ञावलीने चार हजार वाचली आणि उरलेल्यांची पुन्हा वर्दी येईल म्हणून ती खबऱ्यापाशी परतली. वर्दी येत नाही, कारण नवे काही आलेले नाही. जुनेच शिल्लक आहे. ग्राहक उत्तराची वाट पाहतो, सर्व्हर वर्दीची वाट पाहतो. कोणी मेलेले नाही, कोठे चूक नोंदलेली नाही, प्रक्रियक स्वस्थ आहे, आणि काम मात्र होत नाही. यंत्राच्या चुकांमध्ये ही मुकाट अडवणूक फार छळते. कारण ती सापडते तीच मुळी ग्राहकाच्या तक्रारीवरून. दुसऱ्या तऱ्हेबरोबर साधे सॉकेट वापरले, तर आणखी निराळे संकट. सारे वाचून संपल्यावरची शेवटची वाचण्याची आज्ञा ‘ई-अगेन’ न देता आज्ञावलीला झोपवून टाकते.

पहिल्या तऱ्हेतही एक खोड आहे. लिहिण्यास जागा आहे का, याची खबर कायमची मागून ठेवली, तर साठवण बहुधा रिकामीच असल्याने खबऱ्या अखंड ‘आहे, आहे’ म्हणत राहतो आणि आज्ञावलीला क्षणाची झोप मिळत नाही. लिहावयाचे शिल्लक असेल तेव्हाच ती खबर मागावी, आणि संपताच मागे घ्यावी. खबऱ्याने ‘आले’ म्हटल्यावरही तेथे काही नसणे शक्य असते, हेही जाणून असावे. नवे गिऱ्हाईक आल्याची सूचना दोन प्रक्रियांना मिळाली आणि त्यातल्या एकीने त्याला आधीच आत घेतले, तर दुसरी रिकाम्या दारापाशी उभी राहते. तिचे सॉकेट बिनखोळंब्याचे असेल तरच ती परत फिरते. खबऱ्या आहे म्हणून खूण नको, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो तो याचसाठी फोल आहे.

या रीतीने एकच थ्रेड हजारो खिडक्या सांभाळतो. पण त्यामुळेच त्याच्यावर एक मोठे बंधन येते. त्याने कोठेही रेंगाळता कामा नये. तव्यावरचा माणूस बटाटे सोलावयास बसला, तर साऱ्या दर्शिनीचे डोसे थांबतील. लिनक्समध्ये तबकडीवरील सामान्य फायलींवर बिनखोळंब्याची खूण चढविली, तरी तिचा काही परिणाम होत नाही. वाचन अडावयाचे तेथे अडतेच. नावावरून पत्ता शोधण्याची नेहमीची आज्ञाही अडणारीच आहे; नावांचा सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर प्राथमिक ठेवणीत एकेका प्रयत्नाला पाच सेकंद जातात. एखादे लांबलचक गणितही तसेच. असली कामे वेगळ्या थ्रेडांकडे सोपवून द्यावी लागतात.

जुन्या वाढपी-पद्धतीचा दुबळेपणा जगासमोर उघड्यावर आणला तो २००९ सालच्या ‘स्लोलोरिस’ नावाच्या हल्ल्याने. लोरिस हे संथ हालचालींबद्दल प्रसिद्ध असलेले प्राणी आपल्या दक्षिण भारतातल्या अरण्यातही आढळतात. या हल्ल्यात आक्रमक पुष्कळ संबंध जोडून मागणीचा मजकूर मुंगीच्या पावलाने, दर थोड्या वेळाने एखादी ओळ, असा पाठवीत राहतो. सर्व्हरचा एकेक थ्रेड त्या अपुऱ्या मागणीपाशी तिष्ठत बसतो, आणि एक सामान्य संगणक हाती असलेला मनुष्य मोठा सर्व्हर बंद पाडू शकतो. बिनखोळंब्याच्या सर्व्हरला असला संथ ग्राहक फार थोडक्यात पडतो. तथापि थोडक्यात म्हणजे फुकट नव्हे. त्याच्यासाठी अंक खर्च होतो, राखून ठेवलेल्या मजकुराला स्मृती लागते. ज्याला काळाची मर्यादा आणि साठवणीची मर्यादा घातलेली नाही, असा सर्व्हर केवळ खूण चढविल्याने सुरक्षित होत नाही.

बिनखोळंब्याच्या विद्येला कोठवर श्रेय द्यावे, हे ठरविताना २०१४ चे एक उदाहरण आठवावे. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ नावाची स्वस्त विक्री योजिली. दहा तासांत सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाली आणि संकेतस्थळाला अब्जावर भेटी लागल्या, असे कंपनीने जाहीर केले; परंतु त्याच दिवशी संकेतस्थळ वारंवार अडखळले, माल संपल्याचे संदेश येऊ लागले, घेतलेल्या मागण्या रद्द झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघा संस्थापकांनी ग्राहकांस पत्र पाठवून क्षमा मागितली. या साऱ्याचे खापर सॉकेटांवर फोडणे अन्यायाचे होईल. साठ्याची नोंद, किमतींचे बदल, एकाच वस्तूवर पडलेल्या उड्या अशा अनेक गोष्टी अशा दिवशी एकत्र येतात. मुद्दा एवढाच, की पुढची खिडकी कितीही बिनखोळंब्याची असली, तरी आतल्या कोठाराचे दार जितके रुंद तितकाच माल बाहेर येतो. किंबहुना खिडकी न अडता मागण्या आत घेत राहिली, तर कोठारापुढची रांग अधिकच लांबते. म्हणून जाणते अभियंते आत गर्दी झाली, की वाचणे मुद्दाम थांबवितात. न वाचलेला मजकूर कर्नेलच्या साठवणीत साचतो, ती भरली की पाठविणाऱ्याच्या यंत्राला ‘थांब’ असा इशारा आपोआप जातो, आणि रांग दाराबाहेर, जिथे तिने असावयास हवे, तिथे उभी राहते. काही वेळा नव्या गिऱ्हाइकास ‘आता जागा नाही’ असे सरळ सांगणेच इष्ट असते. तिष्ठत ठेवून अखेर रिकाम्या हाताने परत पाठविण्यापेक्षा ते अधिक सभ्यपणाचे आहे.

२०१९ च्या मे महिन्यातील ५.१ या आवृत्तीत जेन्स ॲक्सबो याने ‘आयओ-युरिंग’ नावाची आणखी एक व्यवस्था लिनक्समध्ये आणली. तिच्यात आज्ञावली व कर्नेल यांच्यामध्ये दोन सामायिक चक्राकार वह्या असतात. एकीत कामे लिहून ठेवावयाची, दुसरीत झालेल्या कामांच्या नोंदी मिळावयाच्या. येथे ‘तयार आहे’ अशी सूचना येऊन मग काम करावयाचे, असा क्रम नाही. काम आधीच सांगितलेले असते आणि ‘झाले’ अशीच वर्दी येते. विशेष म्हणजे तबकडीवरील फायलींनाही ही रीत लागू पडते. मात्र तिच्या व्यापक अधिकारांमुळे कर्नेलमध्ये शिरकाव करू पाहणाऱ्यांना नव्या फटीही सापडल्या, आणि २०२३ साली गूगलने आपल्या क्रोम-ओएस प्रणालीत ती बंद केली व आपल्या सर्व्हरांवरही तिच्या वापरास आळा घातला. ‘इपोल’चे राज्य त्यामुळे अद्याप अबाधित आहे.

ते पाहावयाचे असेल, तर ‘एस-ट्रेस’ नावाचे एक साधन लिनक्समध्ये मिळते. चालू असलेल्या प्रक्रियेला ते जोडले, की तिने कर्नेलला केलेली प्रत्येक विनवणी ओळीओळीने पडद्यावर उमटू लागते. पहाटेच्या सुमारास, मागण्या थंडावलेल्या असताना, एखादा चांगला लिहिलेला सर्व्हर असा न्याहाळला, तर पडद्यावर एकच अपुरी ओळ दिसते: ‘इपोल-वेट’, आणि पुढे उत्तराची जागा रिकामी. हजारो खिडक्या उघड्या आहेत, आणि आज्ञावली शांत झोपलेली आहे. तेवढ्यात कोणीतरी चहा मागवितो. ओळ पूर्ण होते, उत्तराच्या जागी एक हा अंक उमटतो, त्याखाली वाचल्याची एक ओळ, ‘ई-अगेन’ची एक ओळ, लिहिल्याची एक ओळ, आणि पुन्हा तीच अपुरी ओळ पडद्यावर उभी राहते.